जानेवारीच्या पहाटेचे २१२ बेकरेल: घरातला रेडॉन कसा मोजायचा आणि आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात वाठोडा भागात चार वर्षांपूर्वी बांधलेले तळमजला अधिक एक असे घर. मेहुण्याने रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) मोजायचे छोटे डिजिटल यंत्र आणून दिले. खालच्या खोलीत आजोबा आणि आठ वर्षांची नात झोपतात. तिथे ते यंत्र जानेवारीत पहाटे २१२ बेकरेल दाखवते, दुपारी ६०. आजोबांनी चाळीस वर्षे बिडी ओढली, अजून पूर्ण सुटलेली नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. ग्रॅनाईटचा ओटा काढून टाकावा का, मुलीची तपासणी करावी का, घर सोडावे का? आणि 'थोडे रेडिएशन उलट चांगलेच असते' असे सांगणाऱ्या नातेवाइकांचे ऐकावे का?

आधी उत्तर देते, मग कारणे. घर सोडू नका. ओटा फोडू नका. मुलीचा स्कॅन अजिबात काढू नका. बाबांची, म्हणजे आजोबांची, बिडी मात्र याच आठवड्यात थांबवायच्या मागे लागा. यंत्र त्याच खोलीत वर्षभर राहू द्या. नातेवाइकांच्या म्हणण्याबद्दल शेवटाकडे सविस्तर लिहिते, कारण त्यात अर्धे खरे आहे आणि ते अर्धेच घोटाळा करते.

मी बरीच वर्षे रुग्णालयात रेडिएशन सुरक्षेचे काम केले आणि त्याच्या जोडीने घराघरांत रेडॉन मोजायच्या फिल्म टांगल्या, उतरवल्या, मायक्रोस्कोपखाली वाचल्या. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. लोक आकड्याला घाबरतात, पण तो आकडा किती वेळाचा आहे हे विचारत नाहीत.

२१२ बेकरेल प्रति घनमीटर म्हणजे त्या खोलीतल्या एक घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे २१२ अणू फुटत आहेत. ऐकायला भयंकर वाटते. पण रेडॉन नसलेले घर पृथ्वीवर नाही. प्रत्येक मातीत, प्रत्येक खडकात थोडे युरेनियम असते. त्यातून पुढे रेडियम तयार होते आणि रेडियममधून रेडॉन. आधीचे सगळे घन, जागच्या जागी अडकलेले. रेडॉन मात्र वायू. त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ३.८ दिवस, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळीतून सरकत घराच्या जोत्यापर्यंत पोचायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो. घरात शिरला की अडकतो. जगभरातल्या घरांची सरासरी ४० बेकरेलच्या आसपास धरली जाते.

आता पहाटे २१२ आणि दुपारी ६० का? जानेवारीत आपल्याकडे काही रात्री पारा दहाच्या खाली जातो. खिडक्या बंद, दाराच्या फटीत चादर कोंबलेली. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असल्याने ती वर चढते, जिन्यातून वरच्या मजल्यावर जाते आणि फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते, आणि खाली असते ती जोत्याखालच्या मातीतली हवा. या मातीतल्या हवेत रेडॉनचे प्रमाण घरातल्या हवेपेक्षा शेकडो पटींनी जास्त असणे अगदी सामान्य आहे. रात्रभर हे शोषण चालू राहते, सकाळी दारे उघडली की आकडा उतरतो. तुमच्या यंत्राने काही चुकीचे दाखवलेले नाही. त्याने एका थंड रात्रीचा शेवट दाखवला.

फुप्फुसाला मात्र हिशेब लागतो वर्षांचा. म्हणून निर्णय वर्षभराच्या सरासरीवर घ्यायचा. आणि आपल्या गावाचे हवामान असे आहे की एका ऋतूच्या मोजणीवरून वर्षाचा अंदाज बांधणे इथे फार फसवे ठरते.

मे महिन्याचेच बघा. घरात डेझर्ट कूलर असेल तर तो बाहेरची हवा खसच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांतून आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होते. खोलीतली हवा तासाला डझनावारी वेळा बदलते. शिवाय खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो, त्यामुळे मातीतली हवा वर यायलाच मागत नाही. कूलर चालू असताना मोजले तर कुठलेही घर निर्दोष दिसेल. त्याच घरात स्प्लिट एसी लावला की चित्र उलटते. एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही, आणि आपण गारवा जाऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवतो. गेल्या काही वर्षांत कूलर काढून एसी बसवलेली घरे वाढली आहेत. रेडॉनच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही.

पावसाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात. अंगणातून वायूला वाट मिळत नाही. घराखालची माती मात्र छताच्या आडोशाने कोरडी राहते, त्यामुळे आजूबाजूचा वायू तिकडे वळू शकतो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि वायू उघड्यावर निघून जातो. तुमचे घर यातले नेमके काय करते हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि हो, जमीन. नागपूर हे दख्खनच्या काळ्या दगडाच्या काठावर वसलेले शहर आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, फुटाळ्याकडचा भाग हा बेसॉल्ट. शहराच्या पूर्व अंगाला तो संपतो आणि त्याच्याहून खूप जुने नाईससारखे खडक लागतात. कामठीकडे गोंडवनाचे वालुकाश्म आणि कोळसा. बेसॉल्टमध्ये युरेनियम कमी असते, ग्रॅनाईट आणि नाईसच्या जातीच्या खडकांत सहसा जास्त. पूर्वेकडच्या घराने मोजणी करून घेणे शहाणपणाचे, एवढाच अर्थ यातून काढावा. शेजारशेजारच्या दोन घरांत दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो, कारण खडकाइतकेच महत्त्व जोत्यात काय भरले, फरशीखाली सोलिंग (दगडांचा थर) कसे आहे आणि नहाणीचा पाइप जिथून खाली जातो तिथे किती फट आहे याला असते.

ओट्याचा हिशेब मी तुमच्यासमोरच करते, कारण ग्रॅनाईटच्या भीतीने लोकांनी चांगले ओटे फोडलेले मला माहीत आहेत. समजा २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाईट, एक चौरस मीटरला साधारण ५४ किलो. त्यात किलोमागे १०० बेकरेल रेडियम धरू. सामान्य मातीत हे प्रमाण ३५च्या आसपास असते, म्हणजे मी मुद्दाम जास्त धरते आहे. त्यातून बनलेल्या रेडॉनपैकी दहावा हिस्सा दगडाबाहेर पडतो असे मानू, हेही सढळ हाताने. मग एक चौरस मीटर दगड तासाला सुमारे ४ बेकरेल रेडॉन सोडतो. तीन चौरस मीटर ओट्याचे १२. स्वयंपाकघर ३० घनमीटरचे आणि तासाला हवा एकदा बदलणारी असेल, तर ओट्यामुळे हवेत भर पडते ०.४ बेकरेलची. तुमच्या २१२ बेकरेलमधला तो अर्धा बेकरेलसुद्धा नाही. सगळ्या खोलीत ग्रॅनाईटची फरशी असली तरी ही भर मोजक्या बेकरेलच्या पुढे जात नाही. फ्लाय ॲशच्या विटांबद्दलही हाच प्रश्न येतो, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्याकडे सर्रास वापरली जाते. कोळसा जळाला की रेडियम राखेत एकवटते हे खरे. पण राखेचे कण काचेसारखे वितळून गोठलेले असतात, रेडॉन त्यातच अडकून पडतो. बोअरवेलच्या पाण्यातून रेडॉन येतो, पण घरातल्या वापराचा ढोबळ नियम असा की पाण्यातल्या प्रमाणाचा दहा हजारावा भाग हवेत उतरतो. लिटरला १०० बेकरेल असलेले पाणीसुद्धा हवेत घनमीटरला साधारण १० ची भर घालते. तळमजल्यावरच्या घरात खरा पुरवठा जमिनीतून होतो.

आता मोजायचे कसे. तुमचे डिजिटल यंत्र कामाचे आहे, फक्त त्याला वेळ द्या. आत एक छोटी पोकळी असते, तिथे रेडॉन झिरपतो आणि तो फुटताना निघणारे अल्फा कण एका सेन्सरवर आदळले की यंत्र ते मोजते. असे फटके कमी असतात, आणि अडचण तिथेच आहे. तासाभरात चार फटके पडले तर त्या आकड्यात निव्वळ योगायोगाचाच पन्नास टक्के फरक असू शकतो. चारशे फटके जमले की तो पाच टक्क्यांवर येतो. म्हणून तासाचा आकडा बघून झोप उडवू नका. महिन्याची सरासरी लिहून ठेवा.

यंत्र झोपण्याच्या खोलीत, पलंगाच्या उंचीला किंवा थोडे वर, खिडकी, पंख्याचा झोत, एसी आणि ऊन यांपासून दूर ठेवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळा, तिथला ओलावा त्रास देतो. आणि भिंतीपासून किमान एक फूट अंतर ठेवा. हे शेवटचे मी अनुभवाने शिकले. सुरुवातीच्या काळात नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात मी मोजणीचा साधा कप मातीच्या गिलाव्याच्या भिंतीला अगदी टेकवून टांगला होता. तीन महिन्यांनी आकडा इतका मोठा आला की घरचे लोक घाबरले. पुन्हा मोजताना कप खोलीत पुढे घेतला आणि आकडा उतरला. भिंतीतून निघणारा थोरॉन मी रेडॉन म्हणून मोजला होता. थोरॉन हे थोरियमपासून होणारे रेडॉनचेच भावंड, पण त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद, त्यामुळे भिंतीलगत भरपूर आणि चार पावलांवर जवळजवळ नाही. त्या कुटुंबाला तीन महिने माझ्या चुकीमुळे काळजी सोसावी लागली. तेव्हापासून मी अंतर टेपने मोजते.

यंत्राच्या जोडीला फिल्म लावता आली तर उत्तम. आपल्याकडे त्यासाठी एलआर-११५ नावाची तांबूस फिल्म वापरतात, पॉलिस्टरच्या पट्टीवर सेल्युलोज नायट्रेटचा १२ मायक्रॉनचा थर. तिला वीज लागत नाही, आवाज नाही, दिवा नाही. अल्फा कण त्या थरात घुसला की न दिसणारी जखम राहते. तीन महिन्यांनी फिल्म ६० अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दीडएक तास ठेवली की ती जखम वाढून आरपार छिद्र होते. मायक्रोस्कोपखाली लाल पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि ते मोजायचे. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या पिनहोल डबीत दोन कप्पे असतात. पहिल्यात रेडॉन आणि थोरॉन दोन्ही येतात, दुसऱ्यात बारीक छिद्रांतून फक्त रेडॉन पोचतो, थोरॉन वाटेतच संपतो. माझी महालातली चूक या डबीत झालीच नसती. फिल्म वाचून देणाऱ्यांना दोन गोष्टी जरूर विचारा: कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणाशी पडताळणी) कधी झाले, आणि न वापरलेली कोरी फिल्म सोबत वाचली का. उत्तर गुळमुळीत आले तर त्या आकड्यावर विसंबू नका.

तीन-तीन महिन्यांच्या चार फिल्म लावल्या आणि समजा हिवाळ्यात १५०, पावसाळ्यात ११०, उन्हाळ्यात ५० आणि मधल्या काळात ७० आले, तर वर्षाची सरासरी ९५. पहाटेच्या २१२ पासून हे किती लांब आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली संदर्भ पातळी १०० आहे, आणि ज्या देशांना ती जमत नाही त्यांनीही ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. अमेरिकेत दुरुस्तीचा सल्ला १४८ पासून सुरू होतो. यातली कोणतीही रेघ अशी नाही की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजार.

धोका नेमका कशाचा? रेडॉन श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर येतो. त्रास देतात ती त्याची पिल्ले: पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे काही मिनिटे टिकणारे अणू. ते हवेतल्या धुळीला, उदबत्तीच्या आणि बिडीच्या धुराच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. तिथे पोलोनियम फुटले की अल्फा कण निघतो. तो कागदही भेदू शकत नाही, पेशींमध्ये ५० ते ७० मायक्रॉन जातो आणि थांबतो. पण तेवढ्या अंतरात अस्तराच्या जिवंत पेशी येतात आणि सगळी ऊर्जा त्यांच्यात ओतली जाते. परिणाम एकच ठामपणे सिद्ध आहे, फुप्फुसाचा कर्करोग, तोही दशकांनी. खोकला, डोकेदुखी, मुलांचे वजन न वाढणे यांचा रेडॉनशी संबंध नाही. त्यासाठी रक्ताची कोणतीही तपासणी उपयोगाची नाही.

२००५ मध्ये युरोपातल्या ९ देशांतले १३ अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झाले. ७,१४८ फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण, १४,२०८ इतर लोक, आणि त्यांच्या खऱ्याखुऱ्या घरांतल्या मोजण्या. निष्कर्ष असा की दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकरेलला धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. आता हे १६ टक्के कशाचे, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कधीच धूम्रपान न केलेल्या हजार माणसांत, रेडॉन शून्य धरला तर, ७५ वर्षांपर्यंत साधारण ४ जण या कर्करोगाने दगावतात, १०० बेकरेलच्या घरात ५, ४०० च्या घरात ७. सिगारेट ओढणाऱ्या हजार जणांत हेच आकडे १००, १२० आणि १६०. हे तिकडच्या लोकसंख्येचे आकडे आहेत, आपल्याकडे मूळ प्रमाण वेगळे असेल, पण गुणोत्तराचा धडा तोच. तुमच्या घरात रेडॉनचा धोका सगळ्यांत जास्त कुणाला आहे? मुलीला नाही, बाबांना. बिडी सुटली तर जेवढा धोका कमी होईल तेवढा रेडॉनच्या कुठल्याही उपायाने होणार नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणारे मला विचारतात की आमचे काय. खर्रा तोंडाच्या कर्करोगाचे कारण आहे आणि तो सोडायलाच हवा, पण रेडॉनशी जोडी जमते ती धुराची.

आता कमी रेडिएशनचा वाद. नातेवाईक बहुधा केरळचे उदाहरण देत असतील. करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे गॅमा किरणे पुष्कळ जास्त आहेत. तिथल्या ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००९ मध्ये निष्कर्ष आला की त्या गॅमामुळे कर्करोग वाढल्याचे दिसत नाही. हा मोलाचा अभ्यास आहे आणि मी त्याचा आदर करते. १०० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेल्या डोसचे एकक) खाली परिणाम इतका छोटा असतो की तो आकडेवारीत वेगळा काढणे अवघड जाते, हेही खरे. म्हणून तिथे अंदाजासाठी सरळ रेषा धरतात, म्हणजे डोस निम्मा तर धोकाही निम्मा, आणि त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण केरळचा तो निष्कर्ष बाहेरून येणाऱ्या गॅमाबद्दल आहे. श्वासातून अस्तरावर बसणाऱ्या अल्फाचे उत्तर त्यातून मिळत नाही. रेडॉनसाठी आपल्याला हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्यांच्या आकड्यांवरून रेषा खाली ओढत यावे लागत नाही. घरांतलेच अभ्यास आहेत, आणि त्या युरोपीय अभ्यासात २०० बेकरेलच्या आतली घरे तेवढी घेतली तरी धोक्याची वाढ दिसली. 'थोडे रेडिएशन चांगले असते' या वाक्याला रेडॉनच्या बाबतीत जागा नाही.

बाबांचा सीटी हा वेगळा विषय. छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट, एक्स-रेत ०.१ किंवा त्याहूनही कमी. डॉक्टरांनी कारण असेल म्हणूनच सांगितला असेल. त्याची माहिती कितीतरी जास्त मोलाची आहे, पश्चात्ताप करू नका. १०० बेकरेलच्या घरात वर्षभर राहिल्याचा डोस, बेकरेलवरून डोस काढायच्या जुन्या गुणांकाने सुमारे अडीच मिलिसिव्हर्ट येतो, नव्या गुणांकाने जवळजवळ दुप्पट. म्हणून मी रेडॉनला 'इतके सीटी' असे मोजत नाही. बेकरेलमध्येच विचार करा. मुलीबद्दल: फुप्फुसाच्या कर्करोगात मुले मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असल्याचे दिसलेले नाही. तिच्यापुढे वर्षे खूप आहेत, म्हणून हवा सुधारायची. निरोगी मुलीचा स्कॅन म्हणजे कारणाशिवाय दिलेला डोस.

सुधारणा करताना एक चूक टाळा. खिडक्या बंद ठेवून फक्त एक्झॉस्ट फॅन लावू नका. तो खोलीतला दाब कमी करतो आणि जमिनीतली हवा आणखी जोराने ओढतो. त्याऐवजी समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रीही बोटभर उघड्या ठेवा, थंडीत एक रजई जास्त घ्या. छताचा पंखा मंद चालू ठेवला तर रेडॉन कमी होत नाही, पण त्याची बरीचशी पिल्ले भिंतींवर आणि पात्यांवर चिकटून बसतात. नहाणीच्या ट्रॅपभोवतीच्या, पाइपांच्या आणि भिंत-फरशीच्या सांध्यातल्या फटी पॉलियुरेथेन सीलंटने भरा. नुसत्या फटी बुजवून आकडा फार उतरेल अशी आशा धरू नका, वायूला दुसरी वाट सापडते.

वर्षाची सरासरी ३०० च्या वर गेली तरच मोठे काम. फरशीला एक भोक पाडून खालच्या सोलिंगपर्यंत चार इंची पीव्हीसी पाइप उतरवायचा, तो गच्चीच्या वर न्यायचा आणि त्यात कायम चालणारा छोटा पंखा बसवायचा. त्यामुळे जोत्याखालचा दाब घरापेक्षा कमी होतो आणि वायू घराऐवजी आकाशात जातो. नीट केले तर रेडॉन निम्म्याहून कितीतरी खाली येतो. घर बांधायला घेतलेल्या वाचकांनी मात्र पीसीसी (फरशीखालचे साधे काँक्रीट) टाकण्याआधीच सोलिंगमध्ये भोके असलेला पाइप आणि वर जाड प्लास्टिक अंथरून घ्यावे. त्या वेळी खर्च नगण्य असतो, नंतर फरशी फोडावी लागते.

तुमच्यासाठी याहून सोपा उपाय आहे. यंत्र आठवडाभर वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा, दारे-खिडक्या खाली जशा असतात तशाच ठेवून. वर आकडा बराच कमी आला, आणि बहुतेक येईल, तर मुलीचा पलंग वर न्या. बाबांचे गुडघे जिने चढू देत असतील तर त्यांचाही न्या. मग यंत्र परत खाली आणून पुढच्या जानेवारीपर्यंत दर महिन्याची सरासरी वहीत उतरवत राहा.